आजीच्या ट्रंकेतला अंगठा

कामगार बायकांच्या कागदपत्रांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा डोलवीतल्या घरी मी आधी आजीची ट्रंक उघडली. रेशनकार्ड, आणि अंगठा उठवलेला एक अर्ज. जन्मभर लावणी-कापणी केलेल्या बाईचं दप्तर एवढंच.

मग दहिसरच्या ‘स्पॅरो’ची माहिती काढली. स्त्रियांविषयीचा हा ध्वनी-चित्र संग्रह नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि तमिळ लेखिका सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ साली सुरू केला. फोटो, भित्तिपत्रकं, पत्रकं, चित्रफिती, सगळं तिथे जपतात. मी अडकलो ते ध्वनिफितींपाशी. जिला लिहिता येत नाही, तिचा कागद येणार कुठून? गिरणी कामगारांच्या पुढारी उषाताई डांगे यांनी ‘पण ऐकतं कोण?’ हे आत्मचरित्र स्वतः लिहिलं. त्याच चळवळीतल्या पार्वतीबाई भोर यांची हकीकत मात्र कोणीतरी बसून ऐकली, उतरवून घेतली, म्हणून १९७७ साली तिचं पुस्तक झालं.

ध्वनिफीत मोठी नाजूक असते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकी भुकटीचा थर चिकटवलेला असतो, आणि आवाज असतो त्या थरात. दमट हवेत काही फितींचा चिकटा पाणी ओढतो. मग फीत वाजवायला घ्यावी, तर थर खरवडून यंत्रालाच लागतो. ती संगणकावर घेताना घाई चालत नाही. तासाभराच्या मुलाखतीला तासभर द्यावाच लागतो. पुढे ऐकून कागदावर उतरवायचं काम तर कित्येक पट. बाई बोलता बोलता थांबते, पदर डोळ्याला लावते, ते कसं लिहायचं? हे काम करणाऱ्यांच्या चिकाटीपुढे मी नमतो.

काळजी वाटते ती आमच्या पेण-अलिबागकडच्या खारेपाटाची. धरमतरच्या खाडीपलीकडे चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. तो १९३९ पर्यंत चालला. शेती बंद ठेवून इतकी वर्षं चुली पेटत्या कोणी ठेवल्या? त्या बायका आता सांगायला नाहीत.

पुढे २००८ साली सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, जमिनींवरून पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं. उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्या सेझविरोधी लढ्यात होत्या, गावागावांतल्या बायाही होत्या. त्या वेळची पत्रकं अजून कुणाच्या माळ्यावर असतील. पण इथली हवा खारी. टाचणी गंजते, कागदाला भोक पाडते. उरलेलं वाळवी बघते.

म्हणून पेण, वडखळ, पोयनाडच्या वाचकांना विनंती आहे. जुन्या कागदांच्या टाचण्या काढा, कागद कोरड्या जागी सपाट ठेवा. घरात म्हातारी बाई असेल, तर तिला विचारून तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. हे याच आठवड्यात करा.