मोरीतून किती पाणी जावे?

ओढ्यावर मोरी किंवा नदीवर पूल बांधावयाचा, तर महापुरात तेथून दर सेकंदाला किती घनमीटर पाणी जाईल, हा पहिला प्रश्न. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे आद्य संचालक क्लॉड इंग्लिस यांनी सह्याद्रीतील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी बसविलेले सूत्र असे : पाणलोटाच्या चौरस किलोमीटरांना १२४ ने गुणावे आणि त्याच क्षेत्रफळात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. १०० चौरस किलोमीटरांस विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, सुमारे १,१८० घनमीटर येतो. क्षेत्र चौपट झाले तरी तो दुपटीहून किंचितच वाढतो, कारण विस्तीर्ण मुलखावर एकाच वेळी सर्वत्र सारख्या जोराचा पाऊस पडत नाही.

एवढ्यावर हिशेब मिटवू नये. काठच्या भिंतींवरील पुराच्या खुणा मोजाव्यात, वृद्ध रहिवाशांच्या जबान्या घ्याव्यात, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठा नदीला आलेला लोंढा पर्जन्याच्या कोणत्याही सूत्रात बसणारा नव्हता; परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातील आंबील ओढ्याने केलेला अनर्थ पावसाचाच होता, आणि जेथे माती जाऊन काँक्रीट आले, तेथे मुरणारे पाणी धावू लागते, म्हणून शहरातील मोरीचा जुना अंदाज नव्याने तपासावाच लागतो.