आजी-आजोबांच्या अँटिबायोटिकसोबत येणारी प्रोबायोटिक कॅप्सूल खरंच कामाची आहे का?

आजीला युरिन इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. त्याच कागदावर खाली बऱ्याचदा एक प्रोबायोटिक कॅप्सूलही असते. "पोट बिघडू नये म्हणून," मेडिकलवाला सांगतो. आपण घेऊन येतो.

पण तिचा उपयोग होतो का?

आधी तर्क समजून घेऊ. अँटिबायोटिक आजाराच्या जंतूंसोबत आतड्यातले उपयोगी बॅक्टेरियाही मारतं. मग जुलाब लागतात. म्हातारपणी हे जास्त महागात पडतं. अंगातलं पाणी कमी होतं, चक्कर येते, माणूस पडतो. त्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा बॅक्टेरिया आतड्यात वाढला तर जिवावरही बेतू शकतं. म्हणून चांगले बॅक्टेरिया बाहेरून द्यायचे.

2007 मध्ये 'बीएमजे'त लंडनच्या रुग्णालयांतल्या 135 रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यांचं सरासरी वय 74. प्रोबायोटिक पेय घेणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना जुलाब झाले, न घेणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांना. फरक मोठा होता. पण तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिला होता मिल्कशेक, आणि दुधानेही काहींचं पोट बिघडतंच की!

मग 2013 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधलाच 'प्लॅसाइड' अभ्यास आला. 65 वर्षांवरचे 2,941 रुग्ण. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत जुलाबाचं प्रमाण 10.8 टक्के, बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांत 10.4 टक्के. म्हणजे फरक जवळपास शून्य.

अर्थात, दोन्हीकडचे बॅक्टेरिया वेगळे होते. खरी मेख इथेच आहे. 'प्रोबायोटिक' हे एका औषधाचं नाव नाही. एका प्रकाराचा फायदा दिसला म्हणून दुसऱ्याचाही होईलच असं नाही. त्यामुळे पाकिटावर नुसतं 'प्रोबायोटिक' वाचून थांबू नका, आत कोणता प्रकार आहे ते बघा आणि तोच का, हे डॉक्टरांना विचारा.

केमोथेरपी सुरू असेल, प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. क्वचित हेच बॅक्टेरिया रक्तात शिरून इन्फेक्शन करतात.

आणि घरचं दही? पचत असेल तर खुशाल द्या. पण त्यात कोणते बॅक्टेरिया किती, हे दर विरजणाला बदलतं, त्यामुळे त्याला औषध समजू नका. काही अँटिबायोटिक्स तर दही-दुधासोबत घेतली की नीट शोषली जात नाहीत, तेव्हा वेळेचं अंतर विचारून घ्या.

जुलाब लागलेच तर ओआरएस सुरू करा. ताप आला, शौचातून रक्त पडलं किंवा आजी सुस्त वाटली, तर थेट डॉक्टरांकडे न्या.