गॅसचा फुगा

महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची जत्रा भरते. जत्रेतून आम्ही गॅसचा फुगा आणला. लहान भाऊ तो घेऊन चुलीजवळ गेला, तशी आई जोरात ओरडली. का बरं?

अशा फुग्यात पुष्कळदा हायड्रोजन असतो. तो हवेपेक्षा फार हलका, म्हणून फुगा वर जातो. पण ठिणगी लागली की तो भडकन पेटतो. १९३७ साली अमेरिकेत हायड्रोजन भरलेले हिंडेनबर्ग नावाचे हवाई जहाज जळाले. ३६ माणसे मेली. हेलियम वायू पेटत नाही, पण तो महाग असतो.

काही फुगेवाले टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि अॅल्युमिनियमचे तुकडे टाकून गॅस बनवतात. ती टाकी फुटू शकते.

म्हणून मुलांनो, टाकीपासून लांब राहा. फुगा चूल, दिवा, बिडीजवळ नेऊ नका.