झोतपेटी : लहान धातुभागांची सफाई आणि तिच्या मर्यादा

ठाण्याची खाडी, उल्हास नदीचे खारे मुख आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांच्या कचाट्यात असलेल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात उघड्या पोलादास गंज चढावयास फार दिवस लागत नाहीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली व ठाण्याची वागळे इस्टेट हे त्याचे पहिले क्षेत्र ठरले. पुढे डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत उभी राहिली. अशा वसाहतींच्या आश्रयाने दुरुस्तीची जी लहान दुकाने चालतात, त्यांच्यापुढे एक प्रश्न नेहमीचा असतो : जो भाग आता बाजारात मिळत नाही, तो घासून-पुसून पुन्हा उपयोगात कसा आणावयाचा? प्रीमियर पद्मिनी मोटारीचेच उदाहरण घ्यावे. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ साली अस्तंगत झाली, परंतु हौशी लोकांनी राखलेल्या गाड्यांना कार्ब्युरेटर लागतोच. तारेच्या ब्रशाने त्याच्या खाचा निघत नाहीत आणि आम्लात बुडविल्यास मूळ धातूच झिजतो. येथे झोतपेटी उपयोगी पडते.

दाबलेल्या हवेने कठीण कण वेगाने फेकून पृष्ठभाग साफ करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन याने १८७० मध्ये तिचे पेटंट घेतले. पेटीची रचना सोपी आहे. पत्र्याची बंद पेटी, समोर काच, हात घालण्यासाठी बाहीला जोडलेले रबरी हातमोजे, तळाशी कण गोळा करणारे नरसाळे आणि आत गन. साध्या गनमध्ये हवा बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते, तेथील दाब उतरतो व नळीवाटे कण ओढले जातात. दुसऱ्या प्रकारात कण बंद भांड्यात हवेच्याच दाबाखाली ठेवतात. त्यात वेग अधिक मिळतो, पण लहान भागांस त्याची गरज क्वचितच भासते.

कणांच्या आकाराविषयी विद्यार्थ्यांत एक गैरसमज आढळतो. मोठा कण म्हणजे जलद सफाई, असे त्यांना वाटते. कणाचा व्यास दुप्पट केला की वस्तुमान आठपट होते व त्याच वेगाला त्याची गतिज ऊर्जाही आठपट होते, हे खरे. परंतु तेवढ्याच वजनात कणांची संख्या एक-अष्टमांशावर येते. म्हणून भरड कण खोल खड्डे पाडतो आणि मधल्या जागा तशाच सोडतो. झोताचा कोनही महत्त्वाचा आहे. आयन फिनी याने १९६० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार तन्य धातूची झीज तिरप्या, सुमारे २० ते ३० अंशांच्या माऱ्यात सर्वाधिक होते, तर ठिसूळ पदार्थाची सरळ माऱ्यात. गंजाचा थर ठिसूळ व खालचा धातू तन्य असल्याने या फरकाचा लाभ कुशल कारागीर, सिद्धान्त न वाचताही, घेत असतो.

ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण धारदार व अतिशय कठीण. पोलादावर रंग बसविण्यापूर्वी ते योग्य. कार्ब्युरेटरच्या मऊ मिश्रधातूला मात्र काचेचे गोल मणी व चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅमच्या आसपासचा दाब पुरतो. पोलादावर वापरलेले कण पुन्हा ॲल्युमिनियमवर वापरू नयेत. त्यांतील लोखंडाचे अंश पृष्ठभागात रुततात व तेथूनच क्षरण सुरू होते. आटे, बेअरिंगच्या बैठका व इंधनाची बारीक छिद्रे आधीच बुजवावी लागतात. छिद्रात अडकलेला एक मणी सगळ्या श्रमावर पाणी फिरवितो.

आता हवेतील पाण्याचा विचार. पावसाळ्यात ३० अंश सेल्सियस व ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ती हवा वातावरणाच्या आठपट निरपेक्ष दाबाला आणून पुन्हा ३० अंशांवर थंड केली, तर तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम बाष्प राहू शकते. बाकीचे पाणी होते. मिनिटाला एक घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर अशा रीतीने तासाला सुमारे सव्वा लिटर पाणी देतो. ते शीतक व विलगकाने वाटेतच काढले नाही, तर कणांचे गोळे होऊन गन तुंबते आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या पोलादावर काही तासांतच तांबूस छटा येते. आणखी असे की, खाडीकाठच्या गंजाच्या खळग्यांत क्लोराइडे दडलेली असतात. पृष्ठभाग चकचकीत दिसला तरी ती पूर्ण निघालेली नसतात. असा भाग गोड्या पाण्याने धुऊन, ताबडतोब वाळवून, पुन्हा हलका झोत द्यावा लागतो. ‘काल साफ केले, आज गंजले’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच सापडते.

तथापि या तंत्रातील खरी जोखीम भागाला नसून माणसाला आहे. नैसर्गिक वाळू स्वस्त असते, म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. तिच्यातील क्वार्ट्‌झ आघाताने फुटतो आणि काही मायक्रॉनांचे, डोळ्यांस न दिसणारे कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे व्रणतंतू निर्माण होतात, हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही व क्षयाला वाट करून देतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी अशा कामात वाळू बंद केली. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत घातले. परंतु तीन-चार माणसांच्या शेडला अशा कायद्याचा हात सहसा पोहोचत नाही. काचेच्या मण्यांतही सिलिका असते, पण ती स्फटिकरूप नसल्याने हा विशिष्ट धोका त्यांत नाही. मात्र निघणारा जुना रंग शिशाचा असू शकतो, हे विसरता येत नाही.

म्हणून पेटीला धूळ ओढणारा पंखा व गाळणी हवीच. आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहिला, तर फटीतून हवा आत जाते, धूळ बाहेर येत नाही. पंखा न लावता जुन्या पिंपापासून घरी बनविलेल्या पेट्या या दृष्टीने उघड्या झोताहून फारशा बऱ्या नव्हेत. काम संपताच झाकण उघडणे हीही नेहमीची चूक. झोत थांबल्यावर पंखा तसाच चालू ठेवावा, काचेतून आतला दिवा स्वच्छ दिसू लागेपर्यंत थांबावे. डोळ्यांस न दिसणारी धूळ त्यानंतरही असतेच, म्हणून आणखी थोडा वेळ जाऊ द्यावा व मगच भाग बाहेर काढावा.