पाठीतलं पाणी आणि सहीला होणारा उशीर

घाटकोपरचं राजावाडी असो की जुहूचं कूपर, ‘पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, सही करा’ असं डॉक्टर म्हणाले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: पेशंट लुळा तर पडणार नाही ना? मग गावी फोन होतात, काका-मामांना विचारलं जातं आणि संध्याकाळ उलटते. पंधरा दिवसांचा ताप, डोकेदुखी, उलट्या आणि आता गुंगी, हा मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर ती संध्याकाळ फार महागात पडते. लुळेपणाची खरी भीती आजारापासून आहे आणि उपचार लांबले की ती वाढते.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्याही खालून, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून. तिथे पाण्यात मोकळ्या नसा असतात; सुई आली की त्या बहुधा बाजूला सरकतात. एखादीला धक्का लागलाच तर पायात करंट गेल्यासारखं वाटतं. तेव्हा हलायचं नाही, फक्त सांगायचं. जर्मनीत हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली.

कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, कोळंबीसारखी पाठ वाकवायची, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. बधिर करणारं इंजेक्शन चुरचुरतं, नंतर जाणवतो तो दाब. मग सुईतून थेंब थेंब पाणी छोट्या बाटल्यांत पडतं. निरोगी माणसाचं पाणी अगदी नितळ असतं. साधारण १० मिलिलिटर घेतात. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार करतं.

हेच पाणी मेंदूभोवतीही असतं, म्हणून मेंदूच्या आवरणाच्या टीबीत त्यातली साखर उतरते, प्रथिनं वाढतात. साखरेची तुलना रक्ताशी करायची असते, म्हणून त्याच वेळी बोटाला किंवा हाताला सुई टोचली तर कुरकुर करू नये. सीबीनॅट तपासणी सुमारे दोन तासांत जंतू शोधते आणि रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगते. औषधांना दाद न देणारा टीबी मुंबईत बराच दिसतो, म्हणून हे कळणं फार मोलाचं. मात्र ती निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं ठरत नाही. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर तरीही औषधं सुरू करतात ते त्यामुळेच.

अँजिओप्लास्टीनंतरच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या, डेंग्यूत उतरलेल्या प्लेटलेट्स, कमरेवरचं गळू, हे आधी सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. फिट आली असेल किंवा एक बाजू कमजोर पडली असेल तर बहुधा आधी सीटी स्कॅन करतात.

नंतर काहींना डोकेदुखी होते: बसलं की वाढते, आडवं झालं की उतरते. बोथट टोकाच्या, पेन्सिल-पॉइंट सुईने हे प्रमाण शंभरात सुमारे ११ वरून ४ पर्यंत खाली येतं. तशी सुई आहे का, हे बिनदिक्कत विचारा. तासन्‌तास सपाट झोपवल्याने ही डोकेदुखी टळत नाही. ती बरेच दिवस रेंगाळली तर रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी सोडून गळती बंद करता येते. पायात जोर नसणं, लघवी अडकणं, ताप, जागेतून पाणी झिरपणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.