पोपटाची गोष्ट, मामाचा प्रश्न

वीकेंडला कादंबरी वाचायला घेतली, असं आपण सहज बोलून जातो. पण जिच्या नावावरून हा शब्द आला ती मूळ 'कादंबरी' आपल्यापैकी कितीजणांनी वाचलीय? तेराशे वर्षांहून जुनी ही फँटसी आजही धरून ठेवते... आणि तितकीच खटकतेही!

जूनचा पहिला आठवडा. सावदा. आदल्या संध्याकाळी वादळ येऊन गेलेलं आणि मामाच्या बागेतली निम्मी केळी आडवी झालेली. घड कापणीला यायला जेमतेम महिना उरला होता. पंचनाम्याला कुणी येईल तेव्हा येईल. लाइट नाही, मोबाइलची बॅटरी डाऊन, मामा ओट्यावर गप्प बसलेला. आणि मी काय करत होते? पुण्याहून येताना बॅगेत टाकलेला बाणभट्टाच्या 'कादंबरी'चा मराठी अनुवाद वाचत होते. खरं सांगते, ओशाळल्यासारखं झालं होतं.

"काय वाचते गं एवढं?" मामानं विचारलं.

"पोपटाची गोष्ट."

"सांग मग."

झालं! पुढचे दोन तास अंधारात आमचं स्टोरी सेशन रंगलं.

गोष्टीत गोष्ट, तिच्यात गोष्ट

राजा शूद्रकाच्या दरबारात एक चांडाळ मुलगी येते. तिच्याकडच्या पिंजऱ्यात माणसासारखा बोलणारा पोपट. पोपट आपली कहाणी सांगू लागतो. त्या कहाणीत जाबाली ऋषी दुसरी कहाणी सांगतात. त्या कहाणीत उज्जैनचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडीमागे घोडा फेकत अच्छोद सरोवरापाशी पोहोचतो, तिथं महाश्वेता भेटते आणि ती तिसरीच कहाणी सांगते! तिच्यावर जीव जडलेला पुंडरीक विरहानं मेला. मरताना त्यानं चंद्राला शाप दिला, की तूही जन्मोजन्मी असाच प्रेमात तळमळशील. चिडलेल्या चंद्रानं उलटा शाप दिला, की मग माझ्या सुखदुःखात तुझाही वाटा राहील.

चंद्रापीड हा तो चंद्र. त्याचा जिवलग दोस्त वैशंपायन हा तो पुंडरीक. तोच पुढं पोपट होतो. आणि कहाणी ऐकत बसलेला शूद्रक राजा म्हणजे चंद्राचा पुढचा जन्म! म्हणजे श्रोता ज्या हीरोची गोष्ट ऐकतोय, तो हीरो तो स्वतःच. आजच्या वेब सीरिजवाल्यांनी असा ट्विस्ट दिला असता तर आपण ऑफिसमध्ये आठवडाभर दुसरं काही बोललो नसतो.

"म्हणजे आपल्या असीरगडच्या अश्वत्थाम्यासारखं," मामा म्हणाला. बऱ्हाणपूरच्या पुढं असीरगडावर कपाळाची जखम घेऊन अश्वत्थामा अजून फिरतो, ही गोष्ट आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. पण एक फरक आहे. अश्वत्थाम्याचा शाप संपता संपत नाही. 'कादंबरी'तल्या शापाला मुदत आहे. चंद्रापीडाचा देह जपत बसलेल्या कादंबरीला माहीत आहे की हे दिवस जातील. त्या रात्री ओट्यावर या गोष्टीची जादू मला कळली. मोडलेलं काही उभं राहू शकतं, असं कुणीतरी ठामपणे सांगावं, एवढंच तर आपल्याला हवं असतं.

नऊ ते सहाला कंटाळलात?

मग तुम्ही पहिले नाही. 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' ही अद्भुताची कादंबरी लिहिली. प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण सरळ मांडली. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात रंगून जावं असं फारसं काही नसतं, तेव्हा मनोरंजन करायचं तर अद्भुताकडंच वळावं लागतं! पुढं 1913 मध्ये नाथमाधवांचं 'वीरधवल' आलं. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसानं ही अचाट दुनिया उभी केली, हे कळल्यावर 'पलायनवाद' हा शब्द वापरताना जीभ जरा अडखळते.

आणि या सगळ्यांची आजी म्हणजे बाणाची 'कादंबरी'. सातव्या शतकातली, हर्षाच्या दरबारातल्या कवीची. तिचं बीज गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तलं. हा गुणाढ्य परंपरेनुसार सातवाहनांच्या पैठणचा, म्हणजे गोष्ट फिरून आपल्याच घरी आली. हिंदी-बंगालीत 'उपन्यास', गुजरातीत 'नवलकथा' आणि आपल्याकडं, कन्नडमध्येही, थेट नायिकेचं नावच साहित्यप्रकाराला! आहे की नाही कूल?

तिच्यात एक खास आपल्यासाठीचा भागही आहे. युवराज होण्याआधी चंद्रापीडाला मंत्री शुकनास उपदेश करतो. तारुण्य, पैसा आणि सत्ता एकदम हातात आली की माणूस कसा आंधळा होतो, लक्ष्मी कशी कुणाकडंच टिकत नाही, भोवतीचे खुशमस्करे दुर्गुणांनाच गुण कसे म्हणतात... पहिलं प्रमोशन मिळालेल्या प्रत्येकानं वाचावं. मॅनेजमेंटची कितीतरी जाडजूड पुस्तकं यापुढं फिकी पडतील.

पण इथं खटकतं

पहिली तक्रार पेशन्सची. बाणाचं एकेक वाक्य पानंच्या पानं चालतं. राजा आला म्हणायला विशेषणांची मिरवणूक. स्वतः कादंबरी स्टेजवर येईपर्यंत साधारण निम्मं पुस्तक संपतं. शिवाय नायिका मन मोकळं करतेय, तिचा निरोप पत्रलेखा चंद्रापीडाला सांगतेय, आणि नेमकं तिथंच बाणाचं लेखन थांबतं. पुढचं पुस्तक त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं पुरं केलं. जॉर्ज आर. आर. मार्टिनचा पाचवा खंड 2011 साली आला आणि पुढच्यासाठी वाचक वर्षानुवर्षं ताटकळले. इथं निदान पोरगा धावून आला!

दुसरी तक्रार हीरोबद्दल. चंद्रापीड देखणा, हुशार, दिग्विजयी. पण गोष्ट ऐन भरात येते तेव्हा तो करतो काय? दुःखानं छाती फुटून मरतो. सांभाळायचं, वाट पाहायचं काम बायकांचं.

तिसरी मात्र तक्रार नाही, दुखणंच आहे. पोपटाचं लहानपण विंध्याच्या जंगलात, काटेसावरीच्या झाडावर जातं. एक म्हातारा शबर शिकारी वर चढून पोपटांच्या माना मुरगळतो, बाप पिल्लाला पंखाखाली घेतो... वाचताना घशात आवंढा येतो. पण त्याच भागात शबरांची अख्खी जमात बाणानं भेसूर, अडाणी रंगवलीय. टोल्किनच्या ऑर्कसारखी. मी हे वाचत होते आणि उत्तरेला सातपुडा होता. तिथले पावरा, तडवी लोक सावद्याच्या बाजारात रोज दिसतात.

आणि ती चांडाळ मुलगी? सुंदर, धीट, भर दरबारात ताठ उभी. मला वाटलं, वा! शेवटी कळतं, ती चांडाळ नव्हेच. ती साक्षात लक्ष्मी, पुंडरीकाची आई. म्हणजे तिचा मान तिचा नव्हताच.

"मग खरी चांडाळ पोरगी त्या दरबारात गेली असती तर?" मामानं अंधारातून विचारलं.

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बाणाकडंही नाही. देखणेपण, शौर्य, प्रेम, सगळं जन्मानं आलेलं. जुन्या फँटसीची ही मोठीच खोट. राजा परत गादीवर बसला की ती खूश. बाकीच्यांचं काय, हे विचारायला 'कोसला'सारखी पुस्तकं यावी लागली. 1963 साली भालचंद्र नेमाड्यांनी लिहिलेली ती कादंबरी, आमच्याच यावल-रावेर पट्ट्यातल्या सांगवीच्या पोराची. तिथं शापबिप काही नाही. गेलेली मनी परत येत नाही.

मग वाचायची का?

नक्की वाचा! अनुवाद घ्या, वर्णनं जड झाली तर बिनधास्त दोन पानं उलटा, गोष्टीचा धागा सोडू नका. फक्त भुलून जाताना एक डोळा उघडा ठेवा. कुणाला शापातून सुटका मिळतेय आणि कोण नुसताच निरोप्या ठरतोय, बघत राहा.

मी पुण्याला परतले. सप्टेंबरात मामाचा फोन आला. नुकसान भरून निघालं नव्हतं, पण कांदेबागाची तयारी चालू होती. रोपांचे भाव, मजुरांची टंचाई, सगळं सांगून झालं. मग जरा थांबून म्हणाला, "ती पानाचा डबा सांभाळणारी पोरगी होती ना, पत्रलेखा, तिचं काय झालं? तू सांगितलंच नाही."

पुस्तकात तिचा निकाल दोन-तीन वाक्यांत लागतो. ती म्हणे चंद्राची रोहिणी, चंद्रलोकात राहते. शेवटच्या प्रसंगाला हजरही नसते.

मी मामाला ते वाचून दाखवलं.

"हे बरं नाही केलं," मामा म्हणाला. "दुसरी कुठली गोष्ट असली तर घेऊन ये दिवाळीत."