प्रवासी विमानाचे पुच्छ : एलिव्हेटर आणि स्टॅबिलायझर यांचे कार्य

विमानाचा गुरुत्वमध्य सामान्यतः मुख्य पंखांवरील उत्थापक बलाच्या मध्याच्या किंचित पुढे असतो. परिणामी विमानाचे नाक सतत खाली झुकू पाहते. हा कल थोपविण्याचे कार्य शेपटीकडील आडवे पुच्छपंख करतात. आणि ते शेपूट वर उचलून नव्हे, तर खाली दाबून. गुरुत्वमध्यापासून पुच्छ दूर असल्याने तरफेच्या न्यायाने अल्प बलही पुरेसे होते.

पुच्छपंखाचा पुढील मोठा भाग म्हणजे स्टॅबिलायझर, तर त्याच्या मागील कडेस बिजागरीने जोडलेले अरुंद पाते म्हणजे एलिव्हेटर. वैमानिकाने नियंत्रणदांडा मागे ओढला की एलिव्हेटरची मागील कड वर उचलली जाते, शेपटीवरील अधोगामी बल वाढते आणि नाक वर येते. तथापि उड्डाणात इंधन जळते, वेग बदलतो, फ्लॅप उघडतात. प्रत्येक बदलागणिक समतोल ढळतो. तो राखण्यासाठी दांडा तासन्‌तास ओढून धरणे शक्य नसते, शिवाय कललेल्या एलिव्हेटरमुळे हवेचा रोध वाढतो. म्हणून मोठ्या जेट विमानांत संपूर्ण स्टॅबिलायझरचाच कोन बदलतात. यास ट्रिम म्हणतात. पुढील कड खाली गेल्यास नाक वर येते, कड वर गेल्यास नाक खाली जाते. ही हालचाल एका लांब फिरत्या स्क्रूद्वारे घडते.

स्टॅबिलायझरचे क्षेत्रफळ एलिव्हेटरपेक्षा पुष्कळ मोठे असते. त्यामुळे तो भलत्या कोनात गेल्यास एलिव्हेटरचे बळ अपुरे पडते. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळले व ८८ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षानुसार, पुरेशा वंगणाअभावी या स्क्रूच्या नटाचे आटे झिजून निकामी झाले होते. वंगण देण्याच्या व झीज तपासण्याच्या मुदती कंपनीने वाढविल्या होत्या, आणि नियामक संस्थेने त्यास मान्यता दिली होती! नट निकामी झाल्यास विमान सावरेल अशी पर्यायी योजना मूळ रचनेतच नव्हती.

बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ मधील इंडोनेशियातील व २०१९ मधील इथिओपियातील अपघातांत मात्र दोष यांत्रिक झिजेचा नव्हता. एमकॅस ही संगणकप्रणाली एकाच संवेदकाच्या चुकीच्या नोंदीवर विसंबून स्टॅबिलायझरला नाक खाली नेणारा कोन पुनःपुन्हा देत राहिली. इथिओपियाच्या वैमानिकांनी विद्युत ट्रिम खंडित केला खरा; परंतु अतिवेगामुळे स्टॅबिलायझरवर पडलेल्या हवेच्या दाबापुढे हातचक्राने कोन पूर्ववत करणे त्यांना साधले नाही. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ जणांचा बळी गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने या विमानास पुन्हा अनुमती दिली, ती प्रणाली सुधारल्यानंतरच. सुधारित प्रणाली दोन्ही संवेदकांच्या नोंदी ताडून पाहते, आणि वैमानिकास एलिव्हेटरने सावरता येणार नाही इतका कोन स्टॅबिलायझरला देत नाही.